खपली गव्हात ग्लूटेन नसतं म्हणणारा तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी

एकच मेसेज गेल्या काही आठवड्यांत मला घरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरही आलाय. लांबलचक आहे पण म्हणणं एवढंच, की ग्लूटेनचा (म्हणजे गहू-जवातल्या, कणीक चिवट करणाऱ्या प्रथिनाचा) त्रास हे परदेशी खूळ आहे, आपल्या आजी-आजोबांना कधी झाला नाही, हरितक्रांतीच्या गव्हामुळे हे सगळं सुरू झालं, म्हणून जुना खपली गहू खा कारण त्यात ग्लूटेन नसतं, थोडं थोडं खात राहिलं की शरीराला सवय होते, टेस्ट वगैरे करत बसू नका, २१ दिवस गहू सोडून स्वतःच बघा, आणि नाहीच जमलं तर आपण मराठी माणसं, भाकरी खा, विषय संपला.

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे ग्लूटेनमुळे लहान आतडं बिघडवणारा आजार. पाठवणाऱ्यांनी काळजीनेच पाठवलंय हे मला माहितीय, काहींनी तर मुद्दाम मला वेगळा पाठवला की बघ, तिच्यासाठी उपयोगी पडेल. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, कारण यातले काही मुद्दे असे आहेत की कुणी खरंच ऐकले तर एखाद्या मुलाचं आतडं खराब होईल.

आधी खपलीचं बोलते. खपली हा गहूच आहे. सांगली-साताऱ्याकडे, कर्नाटकात पूर्वीपासून होतो, त्याची खीर फार छान होते, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं एमएसीएस २९७१ हे वाणही काढलंय, आणि ज्यांना गव्हाचा काही त्रास नाही त्यांनी तो जरूर खावा. पण ग्लूटेन त्यात आहेच. खपलीची कणीक लोकवनसारखी ताणली जात नाही, पोळी जरा तुटते, त्यावरून लोकांना वाटतं की यात ग्लूटेन नसणार, पण ते ग्लूटेन कमकुवत प्रकारचं असतं म्हणून कणीक तशी होते, नसतं म्हणून नाही. सिलिअ‍ॅकमध्ये शरीर ग्लूटेनमधल्या ज्या तुकड्यांवर चिडतं ते तुकडे खपलीतही आहेत. लोकवन, सिहोर, शरबती, बन्सी, खपली, सगळा गहूच. आणि गव्हाचा म्हणजे रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडई सगळं आलं, हे सांगावं लागतं कारण "पोळी नको ना, मग उपमा करते" असं अगदी शिकलेली माणसंही प्रेमाने म्हणतात. सातूही नाही चालत, जव असो नाहीतर आपलं गहू-डाळ्यांचं सातूचं पीठ असो. पीठ आंबवून किंवा भाजूनही ग्लूटेन जात नाही.

आता ते सवय होण्याचं. मला सगळ्यात जास्त त्रास या वाक्याचा होतो, कारण हे मेसेजपुरतं नाही, हे प्रत्येक कार्यक्रमात तोंडावर ऐकू येतं. सिलिअ‍ॅक ही पचनाची नाजूक सवय नाही, तो ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे ग्लूटेन आत गेलं की शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यातूनच लोह, कॅल्शियम, सगळं रक्तात जातं, आणि तेच झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. माझ्या मुलीला कधी जुलाब झाले नाहीत, पोटही फारसं दुखायचं नाही, नुसतं हिमोग्लोबिन वर यायचं नाही आणि उंची थांबलेली, लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या चालू, सगळे म्हणायचे पालेभाज्या खात नाही म्हणून. या आजारात असं पुष्कळांचं होतं. काहींना वरचेवर तोंड येतं, काहींची हाडं ठिसूळ होतात, काही जणींना मूल राहायला अडचण येते. बाहेरून काही दिसत नाही म्हणून आत काही होत नाही असं नसतं, आणि "बघ, खाल्लं तरी काही झालं नाही" याला म्हणूनच काही अर्थ नाही.

थोडं म्हणजे किती थोडं, तेही सांगते. साधारण ३० ग्रॅम कणकेची एक पोळी धरली तर तिच्यात ढोबळमानाने अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. इटलीत २००७ साली कार्लो कातास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिअ‍ॅक असलेल्या मोठ्या माणसांवर अभ्यास केला, त्यात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन ३ महिने घेतल्यावर आतड्याच्या अस्तरात बिघाड दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग, नखाएवढा तुकडा. आपल्याकडे पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहायचं असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमची आहे, ती उगाच एवढी कडक नाही.

त्यामुळे "प्रसादाने काही होत नाही" हे कृपा करून लहान मुलाला म्हणू नका. मोठी माणसं तिच्या हातावर चमचाभर शिरा ठेवतात आणि ती माझ्याकडे बघते, तेव्हा नाही कुणी म्हणायचं, त्या एवढ्याशा पोरीने? आमच्या सासूबाईंनी यावर काय केलं तर सत्यनारायणाला रव्याच्या शिऱ्याच्या आधी, स्वच्छ कढईत, त्याच सव्वाच्या मापाने वरीच्या तांदळाचा शिरा केला, त्याचाही नैवेद्य दाखवला आणि आलेल्या सगळ्यांना दोन्ही दिले. गुरुजींनीही काही हरकत घेतली नाही. तिला वेगळं काढून दिलंय असं वाटलंच नाही त्या दिवशी.

परदेशी खूळ आणि आजी-आजोबा. इथे थोडं खरं आणि बरंच चुकीचं एकत्र झालंय. खरं हे की महाराष्ट्रात बऱ्याच घरांत पूर्वी रोजचं खाणं ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ हेच होतं, गहू सणावाराला. तर आजी रोज सहा पोळ्या खायची आणि तिला काही झालं नाही हा दाखलाच मुळात बऱ्याच घरांत लागू होत नाही. आणि ज्यांना झालं त्यांना काय झालं हे कळलं कुणाला? पोर अंग धरत नाही, सुकत चाललंय, पोट तेवढं पुढे आलंय, अशी मुलं प्रत्येक गावात असायची, काही जगली काही गेली. ज्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी (संरक्षण यंत्रणेने रक्तात सोडलेली द्रव्यं) आज तपासतात ते प्रथिनच मुळी १९९७ साली ओळखलं गेलं. तरीही भारतातल्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकातच अशा मुलांच्या नोंदी केल्यात.

नव्या गव्हाने आणलं म्हणावं तर तारखाच जुळत नाहीत. लंडनच्या सॅम्युअल जी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं व्यवस्थित वर्णन करून ठेवलंय आणि उपाय असलाच तर आहारात आहे असंही लिहिलंय. आहारातलं नेमकं काय, हे नेदरलँड्सच्या विलेम कारेल डिके या मुलांच्या डॉक्टरांनी शोधलं. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पावच मिळेना, लोकांची उपासमार चाललेली आणि ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली, पाव परत मिळायला लागल्यावर परत आजारी पडली. त्यांचा प्रबंध १९५० चा आहे. आपण मेक्सिकोहून हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं ते १९६६ मध्ये. जर्मनीत तर १८९१ ते २०१० या काळातली गव्हाची वाणं एकत्र लावून तपासली, एकूण ग्लूटेन तेवढंच निघालं. आणि काही मेसेजमध्ये "जीएम गहू", म्हणजे जनुकं बदललेला गहू, असं लिहिलेलं असतं, भारतात जीएम गहू पिकवलाच जात नाही.

यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्याच देशात २३ हजारांहून जास्त लोकांची रक्ततपासणी करून २०१६ मध्ये एक अभ्यास आला, त्यात उत्तरेकडे सिलिअ‍ॅकच्या अँटिबॉडी १.२३ टक्के लोकांत, ईशान्येला ०.८७ आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्के. पण ज्या जीन्समुळे हा आजार होऊ शकतो ती तिन्हीकडे साधारण एक तृतीयांश लोकांत होती. उत्तरेत गहू खूप खाल्ला जातो आणि दक्षिणेत अगदी कमी, हा त्यातला मोठा फरक. म्हणजे आपल्या रक्तात हे नाहीच, ते गोऱ्यांचं आहे, असं कुणी म्हणू नये. आणि भाकरीच्या घरांत आता तिन्ही त्रिकाळ पोळी, पाव, बिस्किट, नूडल्स आलेत हेही बघावं.

"२१ दिवस सोडून बघा, टेस्ट नको", हा आणखी एक धोकादायक मुद्दा. यात होतं असं की माणसाला बरं वाटतं, मग तो टेस्टला जातच नाही, गहू बंद ठेवतो, आणि काही महिन्यांनी कुणी सांगितलं म्हणून गेलाच तर अँटिबॉडी उतरलेल्या असतात आणि टेस्ट निगेटिव्ह. मग खरं निदान हवं तर परत काही आठवडे गहू खाऊन त्रास भोगावा लागतो. म्हणून गहू खाणं चालू असतानाच टीटीजी-आयजीए ही त्या अँटिबॉडी मोजणारी रक्ताची टेस्ट करायची, सोबत एकूण आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार) बघायचं कारण काहींच्यात ते मुळातच कमी असतं आणि मग टेस्ट फसते, आणि पुढे गरज असेल तर डॉक्टर एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासतात. घरात एकाला निघालं की आई-वडील, भावंडं सगळ्यांची टेस्ट करायची, त्यांच्यात शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.

शिवाय गहू सोडून बरं वाटलं म्हणजे ग्लूटेनच होतं असंही नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी वेगळी, ती मिनिटांत ते तासा-दोन तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं अशी येते. आणि खूप जणांना गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या साखरेच्या साखळ्यांचा त्रास असतो. नॉर्वेत २०१८ मध्ये, सिलिअ‍ॅक नसलेल्या पण आपल्याला ग्लूटेन सोसत नाही असं वाटणाऱ्या ५९ जणांना न सांगता आलटून पालटून ग्लूटेनचे, फ्रुक्टानचे आणि साधे बार दिले, जास्त त्रास फ्रुक्टानचा झाला. हेच फ्रुक्टान कांद्यात आणि लसणात भरपूर असतं, तर पोळी सोडून रोज कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा खाणाऱ्याचं पोट का फुगतं याचं उत्तर तिथे असू शकतं. अशा माणसाला आयुष्यभर पोळीच्या तुकड्याला घाबरायची गरज नाही, सिलिअ‍ॅकवाल्याला आहे, आणि हा फरक टेस्टशिवाय कळत नाही. (शंभर पदार्थांची आयजीजी (अँटिबॉडीचा दुसरा प्रकार) तपासणी करून लांब यादी हातात देतात, ती मात्र यातली नव्हे, अ‍ॅलर्जीचे तज्ज्ञ ती निदानाला धरत नाहीत.) आमच्याकडे सुरुवातीला दूधही बाधायचं तिला, कारण दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्याच झिजलेल्या उंचवट्यांवर तयार होतं, आतडं भरून आल्यावर आता पेलाभर दूध पिते.

राहिली भाकरी. हा मुद्दा खरा आहे, मनापासून मान्य. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, डाळी, काहीही वेगळं विकत न आणता एवढं सगळं मिळतं, आपलं उपवासाचं ताट तर जवळजवळ जसंच्या तसं चालतं. पण "विषय संपला" नाही हो. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की त्या पिठात गहू आलाच, म्हणून आम्ही घरघंटी घेतली, तीत गहू घालायचाच नाही असं ठरलंय, ज्वारीही आधी निवडून घेतो कारण तीत गव्हाचे दाणे सापडतात. परात, चाळणी, पोळपाट-लाटणं तिचं वेगळं. थालीपिठाच्या भाजणीत गहू, मेतकुटात गहू, तळलेल्या सुरमईला रवा, पुऱ्या तळलेल्या तेलातच पापड. काही हॉटेलांत भाकरी मोडू नये म्हणून पिठात थोडी कणीक मिसळतात. आणि हिंग! बाजारातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे वरण-भात खाऊनही गहू पोटात. आता तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पण डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही, ग्लूटेन असलेलं धान्य वापरलं असेल तर लेबलवर ते सांगणं कंपन्यांना बंधनकारक आहे.

लग्नाला जाताना आम्ही आचाऱ्याशी आदल्या दिवशी फोनवर बोलतो. ग्लूटेन शब्द वापरत नाही, "गहू, रवा, मैदा आणि हिंग नको" एवढंच सांगतो, ते लगेच समजतं. फोडणी घालायच्या आधी वरण आणि भात काढून ठेवा म्हटलं की बहुतेक जण ठेवतात. वरून घरचं तूप, लिंबू, मीठ, आणि डब्यात तिची ज्वारीची भाकरी. केटरर नवा असला तर मी स्वयंपाकघरात जाऊन एकदा बघून येते.