फोन कुणाच्या हातात असतो?

गेल्या १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आमच्या तासगावच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस वाद पेटला. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं एचआयव्हीवर मिनिटभराचं रील करून टाकलं होतं. चुलत्यांनी लिहिलं, "गावाची अब्रू चव्हाट्यावर कशाला?" पोरांचं म्हणणं, सगळं मोबाईलवरच कळतं, मग हेही तिथंच सांगू. लीड्समध्ये बसून मी ते वाचत होते. मी पोरांच्या बाजूची आहे. तरी त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सुटली.

इथं इंग्लंडमध्ये तपासणीचं किट वेबसाइटवर मागवता येतं. साध्या पाकिटात पोस्टानं येतं, बोट टोचून रक्ताचे थेंब लॅबला पाठवायचे, निकाल मेसेजवर. हे सगळं चालतं, कारण पाकीट ज्याचं तोच फोडतो आणि फोनही ज्याचा त्याचाच असतो. आमच्याकडं कुरिअरवाला गल्लीत नाव पुकारतो. वहिनीच्या फोनचा पासवर्ड घरात सगळ्यांना पाठ, आईचा फोन दिवसभर नातवाकडं.

आमच्या गल्लीतल्या एका काकींचा नवरा ट्रकवर होता. तो आजार अंगावर काढून गेला, आणि मग काकींचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या सरकारी गोळ्या, म्हणजे एआरटी, २००४ पासून फुकट मिळू लागल्या होत्या. तरी सांगलीत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून त्या एसटीनं परजिल्ह्यातल्या केंद्रावर जायच्या. बाटली तांदळाच्या डब्यात. अशा बाईच्या मोबाईलवर रात्री आठला "एआरटीची गोळी घ्या" असं झळकलं आणि फोन दिराच्या हातात असला तर? हा प्रश्न मला झोपू देत नाही.

परदेशात सगळं ठीक आहे असंही नाही. २०१५ मध्ये लंडनच्या एका क्लिनिकनं एकच ईमेल सुमारे ७८० जणांना पाठवला आणि प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते दिसले. त्यांतले बहुतेक एचआयव्हीसह जगणारे होते. क्लिनिक चालवणाऱ्या संस्थेला पुढं मोठा दंड झाला, पण फुटलेली नावं परत झाकता येत नाहीत. आपल्याकडं २०१७ चा एचआयव्ही कायदा संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाई करतो. हा कायदा रीलमध्ये यायला हवा होता.

आणि सांगलीला हे काम नवं थोडंच आहे? 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून तिथं आहे. देहविक्री करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना निरोध वापरायला शिकवलं, त्यांतून १९९६ मध्ये 'व्हॅम्प' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल नव्हता. ओळखीची बाई दारात येऊन बोलायची, म्हणून ऐकलं जायचं. गोळीची आठवण देणारं अॅप बनवणाऱ्यांनी आधी या बायकांना विचारावं, मेसेजात कोणता शब्द असावा आणि कोणता मुळीच नको.

भाच्याला मी फोन केला. म्हटलं, रील काढून टाकू नकोस, नीट कर. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून लागण होत नाही, हे पहिल्या दहा सेकंदांत सांग. शेवटी एड्स हेल्पलाइनचा १०९७ नंबर टाक, तो फोन फुकट लागतो. तो म्हणाला, "आत्या, पण कॉल केलेला नंबर फोनमध्ये दिसतो की."

खरं होतं. मग नंबर पुसायचा कसा, तेही दाखवायचं ठरलं.