कोरियात पालकांच्या शिकवण्या: ‘वरकमाई’च्या मेसेजबद्दल खुलासा

‘कोरियातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली की मुलांच्या पालकांच्या शिकवण्या घेऊन वरकमाई करता येते,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. परदेशी भाषाशिक्षकांना मिळणारा ई-२ व्हिसा ठरलेल्या नोकरीपुरताच असतो. पालकांकडून पैसे घेऊन शिकवलं, भले कॅफेत बसून का असेना, तर ती बेकायदा शिकवणी; दंड होतो, व्हिसाही जाऊ शकतो. दुसऱ्या संस्थेत शिकवायचं तर इमिग्रेशनची परवानगी आधी हवी.

शाळेनेच पालकांचा वर्ग ठेवला तर गोष्ट वेगळी. ‘एपिक’ या, सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमणाऱ्या कोरियन सरकारी योजनेच्या करारात साधारण आठवड्याला २२ तासिका असतात (प्राथमिकची ४० मिनिटांची). पालकवर्ग त्यात धरलाय की त्यावर, हे वर्गात सोबत असणाऱ्या कोरियन सहशिक्षकाकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. जादा तासिकांचा मोबदला शाळा देते, पालक नव्हे. तोंडी ‘बघू’वर विसंबलात की हिशेब फिसकटलाच.

आता भारतीय पासपोर्टचं. इंग्रजीसाठी ई-२ एरवी सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे आपल्यालाही वाट आहे, पण ती शाळेतल्या सहायक इंग्रजी शिक्षकाचीच, आणि पदवीसोबत अध्यापनाची अधिकृत पात्रता लागते. नुसत्या स्पोकन इंग्लिशच्या सर्टिफिकेटवर काम होत नाही, एजंट काहीही सांगो.