‘दोन ओएस म्हणजे दुप्पट पीसी’ : एका फॉरवर्डला उत्तर

रात्री साडेअकराला भाच्याने एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली : “मामा, मग राहू दे का?”

भाचा यंदाच इंजिनिअरिंगला लागलाय. पार्ट आणून पहिला डेस्कटॉप स्वतः जोडायचा, त्यात विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायच्या, हा दोन महिन्यांचा बेत. विंडोज गेमसाठी आणि ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसाठी, लिनक्स प्रोग्रॅमिंगसाठी. फॉरवर्ड मात्र म्हणतो : ड्युअल बूटला (एका पीसीत दोन ओएस ठेवायला) दुप्पट रॅम आणि मोठा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लागतो; एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड लिनक्सवर चालत नाही; सिक्युअर बूट (सही असलेल्याच प्रोग्रॅमने मशीन सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी चिप) बंदच करावं लागतं; विंडोजचं अपडेट आलं की लिनक्स पुसलं जातं; असेंबल पीसीला वॉरंटी नसते; आणि घड्याळ चुकायला लागलं की मदरबोर्ड गेला समजा. तेव्हा गुमान ब्रँडेड घ्या.

हा मजकूर थोड्याफार फरकाने गेली काही वर्षं ग्रुपांमधून फिरतोय. त्यात सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो खपतो. पण भीती दाखवलीय ती भलत्याच पार्टची. दोन ओएस ठेवायच्या म्हणून पार्टच्या यादीत खरा फरक पडतो तो डिस्क आणि वाय-फाय या दोन ठिकाणी, आणि वाय-फायचा तर फॉरवर्डमध्ये उल्लेखसुद्धा नाही.

रॅम आणि एसएमपीएसचं आधी उरकून टाकू. ड्युअल बूटमध्ये एका वेळी एकच ओएस चालते, दुसरी डिस्कवर झोपलेली असते. झोपलेली ओएस रॅमही खात नाही आणि वीजही. लिहिणाऱ्याने याची गल्लत व्हर्च्युअल मशीनशी केलेली दिसते. तिथे एका ओएसच्या पोटात दुसरी चालते आणि तिथे ३२ जीबीला अर्थ आहे. एरवी १६ जीबी पुरे, तीही आठ-आठच्या दोन पट्ट्या घेऊन. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या बहुधा प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. बसवल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम मुकाट २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते आणि वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही.

एसएमपीएसबाबत फॉरवर्डचा सल्ला नकळत बरा आहे, फक्त कारण चुकलंय. कॅबिनेटबरोबर जो ‘४५० वॉट’ लिहिलेला डबा मिळतो तो घेऊ नये, मग ओएस एक असो की चार. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि १७० वॉटचं आरटीएक्स ३०६० असलं तर नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस पुरतो. इन्व्हर्टर-यूपीएसवर चालवणार असाल तर त्या यूपीएसची क्षमता व्हीएमध्ये नाही, वॉटमध्ये बघा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो.

आता ग्राफिक कार्ड. ‘एनव्हिडिया लिनक्सवर चालत नाही’ हे वाक्य २०१२ च्या आसपासचं आहे. त्या वर्षी फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने भर कार्यक्रमात कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं, आणि ते चित्र अजून फिरतंय. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) भाग खुला केला. आज उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारात ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून एक पर्याय निवडला की आरटीएक्स कार्ड चालू होतं. मशीन लर्निंगचा अभ्यास करायचा असेल तर कूडासाठी (कार्डवर गणितं करवून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरसाठी) एनव्हिडियाच घ्यावं लागतं, मग त्या मुलाला प्रतिस्पर्धी एएमडीचं कार्ड गळ्यात का मारायचं?

उलट बाजूही सांगतो. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, हे सुख मोठं आहे. पण कार्ड अगदी ताजं आणि लिनक्स जुनं असलं तर तेच सुख डोक्याला ताप होतं. एएमडीचं आरएक्स ९०७० मार्च २०२५ मध्ये बाजारात आलं. ज्यांच्याकडे उबुंटू २४.०४ त्याच्या मूळ ६.८ कर्नलसह होतं त्यांना नवं कर्नल आणि नवं मेसा (ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शिवाय एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ घालायला त्याचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नकार दिला. म्हणून फोर-के मॉनिटर १२० हर्ट्झवर चालवायचा तर डिस्प्लेपोर्टची केबल घ्यावी.

आणि सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक वेगळीच सूचना. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जीटीएक्स १०५० टीआय, १०६० अजून हातोहात खपतात. एनव्हिडियाच्या लिनक्स ड्रायव्हरची ५८० ही मालिका या पिढीला सांभाळणारी शेवटची. कार्ड उद्या बंद पडणार नाही, पण आज पैसे घालायचे तर १६०० किंवा २००० मालिकेपासून पुढचं घ्या. ‘एनव्हिडिया चालत नाही’ म्हणणाऱ्याने हे सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

सिक्युअर बूटचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, नुकसानकारक आहे. उबुंटू आणि फेडोरा (लिनक्सचाच दुसरा एक प्रकार) मायक्रोसॉफ्टने सही केलेल्या ‘शिम’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून सुरू होतात. सिक्युअर बूट चालू ठेवून ती बसतात. टीपीएमला तर हातही लावायचं कारण नाही. फॉरवर्ड वाचून कुणी दोन्ही बंद केली तर काय होईल? विंडोज ११ वर व्हॅलोरंट ही दोन्ही मागतो, म्हणजे पोरगा ज्या गेमसाठी विंडोज ठेवतोय तोच उघडणार नाही. (हा गेम लिनक्सवर चालत नाही, तेव्हा विंडोज ठेवणं भाग आहे. मामाचे टोमणे इथे निष्प्रभ.) शिवाय विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवली असेल तर सिक्युअर बूट चालू-बंद केल्यावर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधी कागदावर उतरवून ठेवलेली बरी. एक बारकी अडचण खरी आहे : सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला की पुष्कळदा एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर तोच पुन्हा मागतात. तिथे घाईने ‘कंटिन्यू’ दाबलं की ड्रायव्हर लोडच होत नाही. मग माणूस ग्रुपवर येऊन लिहितो, एनव्हिडिया चालत नाही.

‘विंडोजचं अपडेट लिनक्स पुसतं’ या मुद्द्यावर जरा थांबू, कारण इथे फॉरवर्ड अर्धा खरा आहे. पुसत नाही, पण वाट अडवतं. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटने नेमकं हेच केलं. जुन्या, धोकादायक बूटलोडरांना (ओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमना) बंदी घालणारी एक यादी त्यातून आली. ड्युअल बूट असलेल्या मशीनना ती लागणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, तरी अनेकांना लागली. मशीन चालू केलं की ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ एवढी ओळ आणि मशीन बंद. लिनक्समधली एकही फाइल हललेली नव्हती. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरायचं, ती यादी काढायची, शिम अपडेट करायचं आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं, इतकाच इलाज.

‘म्हणूनच दोन वेगळ्या डिस्क घ्या’ असं यावर सगळे म्हणतात. मीही म्हणतो, पण या अपघातातून दोन डिस्कने वाचवलं नसतं. ती यादी डिस्कवर नाही, मदरबोर्डच्या मेमरीत बसते. दोन डिस्क घ्यायच्या त्या रोजच्या भानगडींसाठी : विंडोज पुन्हा टाकताना चुकून दुसऱ्याचं पार्टिशन उडू नये, आणि उद्या एक डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता यावी.

इथे पार्टच्या यादीत खरा बदल होतो. ए५२० (एएमडी) किंवा एच६१० (इंटेल) चिपसेटच्या बहुतेक स्वस्त बोर्डांवर एम.२ चा (पट्टीसारखी एसएसडी बसवायचा) एकच स्लॉट असतो. दोन एनव्हीएमई (त्या स्लॉटात बसणाऱ्या वेगवान एसएसडी) लावायच्या तर बी५५० किंवा बी७६० कडे जावं लागतं. नाहीतर लिनक्ससाठी साधी साटा (केबलने जोडायची) एसएसडी घ्या, ५०० जीबीची. प्रोग्रॅमिंगला तिचा वेग भरपूर आहे. बोर्डची पुस्तिका तेवढी वाचा, कारण काही बोर्डांवर एम.२ वापरलं की साटाचं एखादं पोर्ट मरतं.

आणि बसवतानाची एक युक्ती, जी मी एक अख्खा रविवार घालवून शिकलो. विंडोज टाकताना लिनक्सची डिस्क जोडायचीच नाही. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोजचा इन्स्टॉलर आपला बूटलोडर जिथे आधीचं ईएफआय पार्टिशन (डिस्कवरची बूटलोडरांची जागा) दिसेल तिथे, म्हणजे दुसऱ्याच डिस्कवर, नेऊन ठेवू शकतो. माझ्याकडे तसंच झालं. महिन्याभराने लिनक्सची डिस्क बदलायला काढली आणि विंडोज उठेना. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरलाही हीच खोड होती. एक स्क्रू काढायचा, डिस्क बाजूला ठेवायची, काम झालं की लावायची. मग मशीन चालू करताना एफ८, एफ११ किंवा एफ१२ (बोर्डाप्रमाणे) दाबून कोणती डिस्क ते निवडायचं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायला विसरू नका. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला तयार होत नाही.

वाय-फायबद्दल फॉरवर्ड गप्प आहे, आणि पहिल्यांदा लिनक्स टाकणारा रडतो तो इथेच. बोर्डच्या खोक्यावर ‘वाय-फाय ६’ लिहिलेलं असतं, आतली चिप कुणाची ते नसतं. एकाच मॉडेलच्या दोन खोक्यांत वेगळ्या कंपन्यांच्या चिप निघू शकतात. इंटेलचं एएक्स२१० कार्ड कुठल्याही बोर्डवर चालतं आणि लिनक्स त्याला लगेच ओळखतं. एएक्स२११ नावाने सख्खा भाऊ वाटतो, पण तो फक्त इंटेल प्रोसेसरच्या बोर्डवरच चालतो. एएमडीचा प्रोसेसर घेणाऱ्यांनी तिथे फसू नये. नखाएवढे स्वस्त यूएसबी डोंगल तर लांबच ठेवा. त्यातल्या कित्येकांचा ड्रायव्हर आधी डाउनलोड करावा लागतो, आणि डाउनलोड करायला नेट हवं, जे त्या डोंगलमधूनच येणार असतं! अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं; लिनक्स ते जागच्या जागी ओळखतं.

वॉरंटीबद्दल फार लिहीत नाही. असेंबल पीसीला एक वॉरंटी नसते, प्रत्येक पार्टला आपापली असते, आणि प्रोसेसरची बहुधा तीन वर्षांची. फक्त बिल जीएसटीचं, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहिलेलं घ्या, आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातला. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकतात त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर, आणि विकणारा पुढच्या दिवाळीत तिथे असेलच असं नाही.

राहिलं घड्याळ. माझ्या पहिल्या ड्युअल बूट मशीनमध्ये ते चुकायला लागलं तेव्हा मीही घाबरून मशीन उचलून दुकानात नेलं होतं. दुकानदाराने मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला, दीडशे रुपये घेतले, “आता बघा” म्हणाला. घरी येऊन जरा वेळ लिनक्स वापरलं आणि रात्री नऊला विंडोज उघडलं, घड्याळात दुपारचे साडेतीन. आदल्या दिवशीही फरक तेवढाच होता. बरोबर साडेपाच तास, ना मिनिट इकडे ना तिकडे. खराब सेल इतका वक्तशीर नसतो. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. लिनक्सला ‘इथे स्थानिक वेळ ठेव’ असं टाइमडेटसीटीएल या कमांडच्या एका ओळीत सांगितलं की दोघांचं जमतं. भाच्याला मी एवढंच उत्तर पाठवलं, आणि खाली लिहिलं : बी५५० चा बोर्ड बघ, दोन एम.२ वाला.