वारं किती देतंय?

आमच्या पडवीत एक कपाट उभं आहे. अर्धं निळं, अर्धं गंजकं. येणारा-जाणारा विचारतो, "नवी फॅशन काय?"

ते घरीच रंगवायचं म्हणून बेळगावात रंग फवारायची गन आणि तिला दाबून हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घ्यायला गेलो. "एक एचपी, चोवीस लिटर, ऑइल-फ्री. तेल घालायची कटकट नाही," दुकानदार म्हणाला. मी समजल्यासारखी मान डोलावली.

शेजारी खानापूरकडचे एक मामा उभे. डोक्याला पटका, हातात फवारणी पंपाचा झिजलेला वायसर.

"वारं किती देतंय हे?"

"चोवीस लिटर," मी.

"ती टाकी झाली की वो. मिनिटाला वारं किती?"

दुकानदार वायसर शोधायला एकदम आत गेला.

"टाकी मोठी आहे, मामा."

"टाकी मोठी बांधली म्हणून बोअरचं पाणी वाढतंय काय वो? आणि गनला किती लागतंय?"

गनचा खोका माझ्याच हातातून घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी वाचलं, "आठ सीएफएम." मग वायसर माझ्या नाकासमोर नाचवला. "हे दहा रुपयाचं. तरी मी माप घेऊन आलोय."

तिरीमिरीत मी तोच कॉम्प्रेसर घेतला.

गन मिनिटाला आठ घनफूट मागते, हा गडी साडेतीन-चार देतो. भरलेली टाकी मिनिटभरात ओसरते, गन थुंकायला लागते, मग दीड मिनिट धडधड ऐकत बसायचं. शेजारच्या वहिनी विचारून गेल्या, "गिरण घातलासा काय?" वर श्रावणातली दमट हवा दाबली की टाकीत पाणी साचतं. बुडाचा कॉक रोज सोडायचा असतो, हे सांगायला कुणाचं काय जात होतं? कपाटाच्या दारावर देवी आल्यासारखे फोड आलेत. आणि खोक्यावरचा मोठा आकडा म्हणे पिस्टन किती हवा ओढतो त्याचा. बाहेर किती येते ते बारीक अक्षरातही नाही. दुधात पाणी घालणारा निदान लपून तरी घालतो!

परत द्यायला गेलो. भिंतीवर पाटी: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कन्नड, मराठी, इंग्रजी. सीमाभागात तिन्ही भाषांचं एकमत मी पहिल्यांदाच बघितलं.

"सर, चित्रं काढता काय?" दुकानदार म्हणाला. "एअरब्रश घ्या. त्याला एक सीएफएमपण पुरतंय."

म्हणजे सीएफएम त्याला माहीत होतं.