नासाची हिरवाई आणि आपले जंगल : एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

जून महिना उजाडला आणि पर्यावरण दिन जवळ आला, की गेली काही वर्षे एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : ‘नासाच्या उपग्रहांनी सिद्ध केले आहे की वीस वर्षांपूर्वीपेक्षा पृथ्वी अधिक हिरवी झाली असून त्याचे श्रेय भारत आणि चीनला जाते. आपण कोट्यवधी झाडे लावली, त्यामुळे जंगल वाढले, आणि सरकारी अहवालही तेच सांगतो. कार्बन डायऑक्साइड तर झाडांचे अन्नच आहे. तेव्हा जंगले आणि पशुपक्षी संपत चालल्याची ओरड खोटी आहे.’ सोबत ठिकठिकाणी हिरवा झालेला भारताचा नकाशा असतो. हा नकाशा खरा आहे, आणि म्हणूनच हा संदेश धादांत खोट्या संदेशांपेक्षा जास्त दिशाभूल करतो. ज्या डेटावर तो उभा आहे तो सर्वांसाठी खुला असल्याने त्यातले प्रत्येक विधान मूळ आकड्यांशी ताडून पाहता येते, आणि तसे ताडून पाहिल्यावर त्यातले फार थोडे टिकते.

संदेशामागचे संशोधन फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बोस्टन विद्यापीठातील संशोधक ची चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या टेरा व ॲक्वा या उपग्रहांवरील ‘मोडिस’ उपकरणाचा २००० ते २०१७ या काळातील डेटा तपासला. त्यांनी मोजले ते पर्णक्षेत्र, म्हणजे जमिनीच्या एका चौरस मीटरवर पानांचा किती चौरस मीटर पृष्ठभाग पसरला आहे हे. पान सागाचे आहे की सोयाबीनचे, देवराईतले आहे की द्राक्षबागेतले, याच्याशी या मापाला कर्तव्य नाही. ‘जंगल वाढले’ हे संदेशातले पहिले मोठे विधान नेमके इथेच कोसळते, कारण पाने कोणाची हा प्रश्न संशोधकांनी स्वतःच पुढे विचारला होता आणि त्याचे उत्तरही त्याच निबंधात दिले होते. चीनमधील वाढलेल्या हिरवाईपैकी ४२ टक्के वाटा जंगलांचा आणि ३२ टक्के शेतीचा होता. भारतात शेतीचा वाटा ८२ टक्के होता, तर जंगलांचा अवघा ४.४ टक्के. शिवाय जगातील पर्णक्षेत्राच्या निव्वळ वाढीत एकट्या चीनचा वाटा २५ टक्के असून भारताचा ६.८ टक्के आहे. ‘भारत आणि चीन’ अशी जोडी एका दमात उच्चारली की ही तफावत झाकली जाते. भारताच्या क्षेत्राच्या मानाने ६.८ टक्के हा आकडा लहान नाही आणि त्यामागे शेतकऱ्याचे कष्ट आहेत. एका शेतातून वर्षाला दोन-दोन, तीन-तीन पिके निघू लागली, सिंचन आणि खते वाढली, त्याची ही नोंद आहे. तिचा अभिमान जरूर बाळगावा, मात्र तिला जंगल म्हणू नये.

हा फरक कोणालाही स्वतः पाहता येईल. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि त्यांत जमिनीचा दहा मीटर बाजूचा चौकोन हा सर्वांत लहान ठिपका असतो. एप्रिलमधले ढग नसलेले एक चित्र निवडून वनस्पती निर्देशांकाचा थर लावावा. हा निर्देशांक साध्या तत्त्वावर चालतो : जिवंत पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते, त्यामुळे या दोहोंतला फरक जितका मोठा तितका ठिपका हिरवा रंगवला जातो. आधी माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातले उभ्या उसाचे फड पाहावेत आणि मग मेळघाटातला एखादा डोंगरउतार. ऊस गडद हिरवा उमटतो, तर साग, सालई आणि धावडा पाने गाळून उभे असल्याने मेळघाटाचा उतार पिवळट तपकिरी दिसतो. वाघ, अस्वल आणि रानगवा ज्या जंगलात राहतात ते जंगल उन्हाळ्यातल्या या मापात उसापेक्षा कमी भरते. पावसाळ्यानंतर तोच उतार हिरवागार होतो, हे खरे. पण म्हणूनच केवळ हिरव्या रंगाच्या छटेवरून जंगलाची प्रकृती सांगणे चुकीचे ठरते. त्यातही मोडिसच्या मूळ अभ्यासातला ठिपका पाचशे मीटर बाजूचा, म्हणजे तब्बल २५ हेक्टरांचा होता. त्या एका ठिपक्यात ओढ्याकाठची आंब्या-जांभळांची राई, दोन वस्त्या आणि मक्याची शेते एकत्र मिसळलेली असू शकतात.

आता वृक्षलागवडीचे श्रेय. जुलै २०१६ मध्ये उत्तर प्रदेशात एका दिवसात सुमारे पाच कोटी रोपे लावल्याचा विक्रम झाला आणि तो या संदेशात आवर्जून असतो. महाराष्ट्रातल्या आवृत्तीत त्याऐवजी २०१९ च्या पावसाळ्यातली ३३ कोटी वृक्षांची मोहीम असते. अभ्यासाचा काळ मात्र २०१७ मध्ये संपतो, त्यामुळे २०१९ ची रोपे त्यात असणे अशक्यच आहे. २०१६ मध्ये लावलेले वीतभर रोप वर्षभरात २५ हेक्टरांच्या ठिपक्याचा रंग बदलू शकत नाही, मग ते जगले असो वा वाळले असो. ही रोपे किती जगली, हे कळण्यासाठी लागवडीच्या जागांच्या सीमा नकाशावर खुल्या व्हायला हव्यात. तसे झाले तर सेंटिनेलच्या चित्रांवर पुढची पाच वर्षे त्यांचा माग काढणे फार कठीण नाही.

‘सरकारी अहवालही तेच सांगतो’ या विधानावर थोडे थांबायला हवे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के आहे. आधीच्या अहवालाच्या तुलनेत वन आणि वृक्ष मिळून १,४४५ चौरस किलोमीटरची वाढ झाली, आणि मथळ्यांत आला तो हाच आकडा. त्यातली वनाच्छादनाची वाढ १५६ चौरस किलोमीटर आहे. उरलेली १,२८९ ही नोंदलेल्या वनक्षेत्राबाहेरच्या विखुरलेल्या झाडांची आहे. वनाच्छादनाची व्याख्याही नीट वाचावी लागते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जी जमीन दहा टक्के किंवा अधिक पर्णछत्राने झाकलेली आहे, ती या मोजणीत वन ठरते. जमीन कोणाच्या मालकीची आहे आणि झाडे कोणत्या जातीची आहेत हे विचारात घेतले जात नाही. त्यामुळे फळबागा, बांबू आणि नारळ-सुपारीच्या वाड्याही त्यात येतात. ही व्याख्या अहवालात स्पष्ट छापलेली आहे, तेव्हा सर्वेक्षणावर लपवाछपवीचा आरोप करण्याचे कारण नाही. दोष आहे तो या आकड्याला ‘जंगल’ म्हणून पुढे ढकलणाऱ्यांचा.

या व्याख्येचा परिणाम पाहायचा असेल तर सिंधुदुर्गात जावे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात खासगी मालकीचे जंगल तोडून रबर आणि काजूची लागवड झाली आहे. रबराची झाडे वाढून छत्र पुन्हा मिळाले, की दहा टक्क्यांच्या मोजणीत तो तुकडा परत वनात गणला जातो आणि तालुक्याची बेरीज सावरते. धनेशाला मात्र घरटे करायला जुन्या, पोटात ढोली असलेल्या मोठ्या झाडाचे खोड लागते आणि खायला उंबर-वडाची फळे लागतात. रबराच्या बागेत यांपैकी काही मिळत नाही. आकडा जागेवर राहतो आणि पक्षी जातो. हे पाहूनही केवळ बेरजेवर समाधान मानणे मला फार क्लेशकारक वाटते.

पशुपक्ष्यांविषयीचे विधान तपासण्यासाठी उपग्रह पुरेसे नाहीत, त्यासाठी पक्ष्यांच्या नोंदी लागतात, आणि त्याही खुल्या आहेत. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या ऑनलाइन नोंदवहीत भरलेल्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे आणि त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. त्यातील १७८ जातींना संवर्धनासाठी उच्च प्राधान्य दिले गेले. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत. मोर वाढला आहे, हेही त्याच अहवालात आहे, आणि ते तितकेच खरे आहे. पण तारांवर बसलेला दिसणारा नीलपंख इतका घटला की त्याची धोक्याची श्रेणी नव्याने तपासावी, अशी शिफारस करावी लागली. म्हणजे पर्णक्षेत्र वाढत असतानाच मोकळ्या माळावरचे पक्षी ओसरले, आणि या दोन गोष्टींत विरोधाभास नाही. माळरान हे अपुरे राहिलेले जंगल नव्हे. गवत, काटेरी झुडपे आणि मधूनच एखादे हिवर अशी त्याची मूळचीच घडण आहे आणि माळढोक, तणमोर, लांडगा, चिंकारा यांना तीच हवी असते. माळढोकासाठी १९७९ मध्ये घोषित झालेल्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्य परिसरात वनीकरण म्हणून गवताळ माळावर ग्लिरिसिडिया हे झपाट्याने वाढणारे परदेशी झाड लावले गेले. हिरवाई वाढली आणि दूरवर नजर टाकून वावरणाऱ्या माळढोकाचा माळ आक्रसला. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी खुल्या उपग्रह-चित्रांवरून देशातील अशा निमशुष्क खुल्या परिसंस्थांचा नकाशा २०२२ मध्ये मांडला. त्यांचे क्षेत्र सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर भरले, त्यातले पाच टक्केही संरक्षित नाही, आणि सरकारी दप्तरी त्यातला बराच भाग ‘पडीक’ म्हणून नोंदलेला आहे. पडीक म्हटले की तिथे झाडे लावणे पुण्याचे ठरते.

कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा लवकर आटोपता येतो. जगातील हिरवाई वाढण्यात त्याचा मोठा हात आहे, असे २०१६ च्या एका जागतिक अभ्यासाचेही म्हणणे आहे. मात्र वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे गहू-तांदळातले जस्त, लोह आणि प्रथिने घटतात हेही प्रयोगांतून दिसले आहे. भारतातील हिरवाईचा खरा आधार हवेपेक्षा जमिनीखालचे पाणी आहे. या संशोधनाविषयी नासानेच काढलेल्या प्रसिद्धीपत्रकात बजावले होते की भारतातील वाढ भूजलावरच्या सिंचनामुळे झाली असून भूजल आटले तर हा कल बदलू शकतो. गुरुत्वाकर्षणातल्या बदलांवरून पाण्याचा साठा जोखणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या मोजणीनुसार ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणाच्या पट्ट्यातून १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाले. त्याच पत्रकात असेही लिहिले होते की भारत-चीनमधील ही वाढ ब्राझील, इंडोनेशिया अशा उष्ण कटिबंधातील नैसर्गिक वनस्पतींच्या हानीची भरपाई करत नाही. संदेश तयार करणाऱ्याने हे दोन परिच्छेद गाळले.

या संदेशाला उत्तर म्हणून काही जण उपग्रह-चित्रांवरून जगभरच्या वृक्षाच्छादनावर नजर ठेवणाऱ्या ग्लोबल फॉरेस्ट वॉच या संकेतस्थळाचा आकडा पुढे करतात : २००१ ते २०२३ दरम्यान भारताने २३.३ लाख हेक्टर वृक्षाच्छादन गमावले. माझा कल कोणत्या बाजूला आहे हे वरून स्पष्ट आहे, तरी हा आकडाही असाच भिरकावणे मला मान्य नाही. त्या मोजणीत पाच मीटरांहून उंच झाडांचे छत्र हरपले की नोंद होते. त्यात फिरती शेती आणि लागवडीच्या झाडांची तोडही येते, आणि नव्याने वाढलेली झाडे त्यातून वजा केलेली नसतात. यातली ६० टक्के हानी आसाम, मिझोरम, अरुणाचल, नागालँड आणि मणिपूर या पाच राज्यांतली आहे, जिथे झूम, म्हणजे हीच फिरती शेती, मोठ्या प्रमाणावर चालते. तरीही या डेटाचा एक गुण निर्विवाद आहे : तोडीचा प्रत्येक ३० मीटरचा ठिपका, वर्षासह, कोणालाही नकाशावर गुलाबी रंगात पाहता येतो आणि तिथे जाऊन तो खरा की खोटा हे ठरवता येते. भारतीय वन सर्वेक्षण जिल्हावार आकडे छापते, पण ज्या वर्गीकृत नकाशावरून ते काढले तो सर्वांना मोफत उतरवून घेता येत नाही. वाढलेले १५६ चौरस किलोमीटर कोणत्या डोंगरावर आहेत, त्यांत किती रबर, किती आमराई आणि किती जंगल आहे, हे दोडामार्गच्या ग्रामसभेला किंवा मेळघाटात काम करणाऱ्या अभ्यासकाला तपासायचे असेल, तर तो नकाशा आधी खुला व्हावा लागेल.