रस्त्याच्या बाजूने कसे बोलावे

लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी फोडण्यासाठी बालभारती ते पौड फाटा हा नवा रस्ता वेताळ टेकडीच्या अंगावरून न्यावा की नाही, या वादात आज ना उद्या आपल्यालाही बोलावे लागणार आहे, कारण पुण्यात राहून मत नसण्याची सोय नाही. आमचा सल्ला असा, की आपण रस्त्याची बाजू घ्यावी. टेकडीच्या बाजूने बोलायचे तर भूजल, पाझर, झाडे आणि मोर यांचा थोडा तरी अभ्यास करावा लागतो; रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला "संध्याकाळी लॉ कॉलेज रस्त्यावर जाऊन बघा" एवढे वाक्य जन्मभर पुरते.

विद्यापीठ चौकाचा विषय शक्यतो टाळावा. तेथला उड्डाणपूल कोंडी फोडण्यासाठीच बांधला होता आणि वीस वर्षेही व्हायच्या आत, २०२० मध्ये, मेट्रोसह नवा दुमजली पूल उभारायचा म्हणून तो पाडण्यात आला. यावरून कोणी काही निष्कर्ष काढू लागलाच, तर जुना पूल एकमजली असल्यामुळेच चुकला, असे ठासून सांगावे. चांदणी चौकाचे उदाहरण बेलाशक द्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे ६०० किलो स्फोटके लावूनही तेथला जुना पूल एका दणक्यात पुरता पडला नाही, उरलेला भाग यंत्रांनी तोडावा लागला. ज्या शहराचे टाकाऊ पूलही इतके चिवट, त्याच्या नियोजनाला नावे ठेवणे शोभत नाही.

समोरचा बसवर घसरला, तर बीआरटी, म्हणजे जलद बससेवेची योजना, फसली, असे तत्परतेने म्हणावे. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर हा प्रयोग सुरू झाला, बससाठी राखलेल्या मार्गिकेत आपल्याच दुचाक्या शिरल्या आणि पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका कोंडी होते म्हणून उखडली गेली. ती कोणी फसवली, या तपशिलात शिरू नये. एका बसमधली पन्नास माणसे एकेका मोटारीने निघाली तर रस्ता किती लागेल, हे गणित चौथीतल्या मुलालाही सुटते; सबब अशा चर्चेच्या वेळी मुलांना खेळायला पाठवावे, अर्थात खेळायला जागा असल्यास.

पायी चालणाऱ्यांविषयी कळवळा दाखवायला मुळीच हरकत नाही. त्यासाठी महापालिकेने ११ डिसेंबर हा पादचारी दिन नेमून दिला असून त्या दिवशी लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद असतो. आपण सहकुटुंब जावे, रस्त्याच्या मधोमध उभे राहून छायाचित्र काढावे आणि मोटार जवळच्या गल्लीत, पदपथावर, नीट लावावी.

रस्ता झालाच, तर टेकडी ओलांडून आलेली सगळी वाहने पौड फाट्याला उतरतील आणि तेथे तुंबतील. तेथे उड्डाणपूल आधीच आहे. त्यावर दुसरा मजला चढवण्याची मागणी करणारे निवेदन आपण आजच लिहून ठेवावे.