मुलगा खाणारा आहे

परवा ठाण्यात नौपाड्यातलं एक भाड्याचं घर आमच्या हातून गेलं आणि कारण काय, तर म्हणे "मुलगा खाणारा आहे". पिणारा नाही, पैसे खाणारा नाही, नुसताच खाणारा. ब्रोकरने हे फोनवर सांगितलं, तेही हसत, आणि त्याच्या मागे अजून कोणीतरी हसत होतं.

आम्ही सध्या घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे राहतो. शुक्रवारी रात्री काहीतरी चांगलं खायला म्हणून निघावं, तर मेट्रो ४ च्या खांबांखालून माजिवड्यापर्यंत पोचेस्तोवर भूक मरते आणि भांडण जिवंत होतं. म्हणून ठरवलं, आता घर घ्यायचं ते खाण्याच्या हिशोबानेच. लोक शाळा बघून घर घेतात, स्टेशन बघून घेतात, वास्तू बघून तर घेतातच, मग आम्ही मिसळ बघून घेतलं तर कोणाचं काय जातं?

वाशीचा विचार झाला, सेक्टर १७ ला हॉटेलंच हॉटेलं, पण ऑफिस दोघांचंही ठाण्यात. एका मित्राने खारघर सुचवलं. डोंगर, हवा, सेंट्रल पार्क सगळं मान्य, पण तिथल्या लोकांनी दारूची दुकानं-बार नकोत म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केलीत, त्यांच्यात जाऊन मी बिअर शोधत फिरायचं म्हणजे मलाच कसंतरी झालं असतं. हिरानंदानी इस्टेटचं भाडं ऐकलं. ते ऐकल्यावर पबची गरजच उरत नाही, तशीच चक्कर येते.

राहिला नौपाडा. गोखले रोड, राम मारुती रोड चालत. गजाननचा वडापाव आणि त्याची ती पिवळी बेसनाची चटणी, जी लोक वडा संपल्यावरही मागत राहतात. स्टेशनकडे कुंजविहार, पाचपाखाडीत प्रशांत कॉर्नर, तहसील कचेरीपाशी १९४६ पासूनची मामलेदार मिसळ. रात्री गडकरीला नाटक आणि सुटल्यावर तलावपाळीला एक चक्कर. माझ्या नाइटलाइफची झेप एवढीच आहे, खरंच एवढीच.

तर घरमालक काका. हॉलमध्ये सोफ्यावर, हातात जुनी डायरी, डायरीला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. आमचं प्रत्येक उत्तर ते लिहून घेत होते.

"स्वयंपाक कोण करतं?"

"दोघंही करतो काका. पण बऱ्याचदा बाहेरच होतं."

पेन थांबलं. "बऱ्याचदा म्हणजे?"

"आठवड्यातून तीन-चारदा." बायकोने माझ्या पायावर पाय दिला, पण निघून गेलं होतं तोंडातून.

"घरी भांडी नाहीत?"

"आहेत की."

"गॅस?"

"तोही आहे."

"मग?"

या "मग?"ला मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

म्हटलं, "इथे सगळं जवळ आहे ना काका, म्हणून तर हे घर आवडलं. रात्री जेवण झालं की खाली उतरायचं, आइसक्रीम खायचं..."

"रात्री किती वाजता?"

"अकरा, साडेअकरा."

"फ्रीज नाही का तुमच्याकडे?" हेही लिहिलं. मी वाकून बघितलं, 'आइसक्रीम – रात्री' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. "आमचं गेट साडेदहाला बंद होतं."

"आणि उशीर झाला तर?"

"तर उशीर करायचा नाही."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज, "अहो, मासे आणतात का विचारा!" मी घाईघाईने सांगितलं की मासे आम्ही बाहेरच खातो, वाटलं निदान इथे तरी मार्क मिळतील. आतून आवाज आला, "हात धुऊन येतात ना विचारा!"

मग काकांनी विचारलं, एका वेळचं बिल किती होतं दोघांचं. हजार-बाराशे म्हटलं. त्यांनी डायरीत गुणाकार केला, हातचे धरून, बोटं मोडत. "महिन्याचे पंधरा-सोळा हजार झाले. मग भाडं कशातून देणार?"

"पगारातून."

"पगार तर संपला ना हो इथे," म्हणून त्यांनी डायरी माझ्याकडे फिरवली. आणि मी वेड्यासारखा ती बघत बसलो, खरंच संपलाय का म्हणून.

"मी जन्मापासून ठाण्यात आहे," उठताना म्हणाले, "मामलेदारची मिसळ दोनदा खाल्ली. दुसऱ्यांदा पाहुणे होते म्हणून."

आता यावर हसायचं ते हसून घ्या, पण मला खरंच राग आलाय. राज्याच्या २०१७ च्या कायद्याने हॉटेलं-दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली, दारूवाले सोडून, २०२५ मध्ये पुन्हा जीआर काढून तेच सांगितलं. सरकारची हरकत नाही, पण काकांच्या गेटला जीआर लागत नाही. डिपॉझिट आम्ही भरायचं, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं आम्ही द्यायचं, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन, आधार, पॅन, आणि एवढं सगळं करून वर आपण काय खातो, कुठे खातो, किती वाजता खातो याची तोंडी परीक्षा. शेजारच्या फ्लॅटचा मालक रात्री एकला शेवपुरी खाऊन आला तर त्याला कोण विचारतंय? आम्ही तर नवरा-बायको आहोत, ऑफिसातल्या दोन मुली चांगला पगार असून कधीपासून घर शोधतायत, त्यांना तर आधी विचारतात की भेटायला कोण कोण येणार.

ब्रोकरचं म्हणणं वेगळंच. "सर, पुढच्या वेळी सांगायचं डबा येतो."

"पण येत नाही ना डबा."

"सांगायला काय जातं?"

व्हिजिट चार्जचे पाचशे मात्र परत मिळणार नाहीत म्हणाला. काल त्याने कळव्यातल्या एका फ्लॅटचे फोटो पाठवलेत, खाली लिहिलंय, 'सर नौपाडा एकदम जवळ, फक्त खाडी क्रॉस करायची'. व्हिजिट चार्ज पाचशे.